विझणारा दिवा : मनीष नगरच्या गच्चीवरची वही

१४ जानेवारी २०२५, मंगळवार, संक्रांत

दिवसभर गच्चीवर पतंग. ओ काट ओ काट करून घसा बसला आणि बोटं कापली ती वेगळीच. ही वही चिंटूची, म्हणजे माझ्या भाच्याची, सातवीत आहे. विज्ञान प्रकल्पासाठी आणली होती, त्यात तीन पानं 'सांडपाण्याचे व्यवस्थापन' लिहून त्याने सोडून दिलं, आता चौथ्या पानापासून हे सुरू.

कारण असं की तीन-चार दिवसांपासून नागपुरात आमच्या मनीष नगरच्या सोसायटीत एकच विषय चाललाय. रात्री आकाशात लाईट दिसते, खालीवर होते, रंग बदलते. पहिल्या मजल्यावरच्या काकांचं ठाम मत की ड्रोन आहे, चोर लोक वरून रेकी करतात, कुणाचं घर बंद आहे ते पाहतात. चौकीदाराने तेवढ्यावरच रात्री गेटबाहेर खुर्ची टाकणं बंद केलं. आई म्हणते, "ड्रोन असन तर आवाज नाही का येणार?" त्यावर काका म्हणाले आता बिनआवाजाचे आले आहेत. यावर कोण काय बोलणार.

मग मीच जोशात येऊन म्हणालो की मी आणि चिंटू रोज पाहतो आणि लिहून ठेवतो, मग पोलिसात जायचं ते जा. आता करावं लागणार.

आजची नोंद: रात्री साडेसातच्या सुमारास पूर्वेकडे एक पांढरा ठिपका, डुलत होता, मधेच एक झटका देऊन बाजूला जायचा. चिंटू ओरडला, "मामा, आला तो!" पाच मिनिटं दोघं टक लावून पाहत होतो. मग मागच्या गल्लीतल्या गच्चीवरून कुणीतरी बोंबललं आणि तो ठिपका सरळ खाली येऊन कडुनिंबात अडकला. पतंगाच्या मांज्याला बांधलेला चिल्लर एलईडी. हे एक प्रकरण बंद. पण एक गोष्ट लिहून ठेवतो, तो पतंग आमच्यापासून दीडशे-दोनशे फुटांवर असेल आणि मी छातीठोकपणे सांगत होतो की किलोमीटरभर तरी लांब आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

थंडी चांगलीच आहे. आज पाहण्यापेक्षा मोजायचं कसं ते ठरवलं. "केवढा मोठा होता, किती उंच होता" हे लिहायचंच नाही असा नियम केला, कारण अंधारात नुसत्या उजेडाच्या ठिपक्याचं अंतर डोळ्याला कळत नाही, मागे झाड नाही, भिंत नाही, कशाशी तुलना करणार. परवाच्या पतंगाने शिकवलंच. लिहायचं ते इतकंच: कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती मुठी वर, किती वाजून किती मिनिटं किती सेकंद, आणि रंग.

हात सरळ पुढे ताणून मूठ धरली की तिची रुंदी साधारण १० अंश होते. चिंटू म्हणे माझी मूठ लहान आहे मग माझे अंश कमी येतील. पण त्याचा हात पण आखूड आहे ना, त्यामुळे हिशोब जमून जातो. पडताळा म्हणून मृग नक्षत्र घेतलं, त्यातला वरचा तांबडा बेटलज्यूज आणि खालचा निळसर रायजेल यांच्यात साडेअठरा अंशांच्या वर थोडं अंतर आहे. माझ्या १.९ मुठी आल्या, चिंटूच्या २. बस झालं.

मोबाईल बघितला की डोळे दिपतात आणि पुढची पाच मिनिटं काही दिसत नाही, म्हणून दिवाळीच्या आकाशकंदिलातला उरलेला लाल जिलेटीन पेपर दुहेरी करून स्क्रीनवर चिकटवला. बायको म्हणाली हे काय नवीन. सांगितलं, संशोधन.

१८ जानेवारी, शनिवार

आज काका स्वतः गच्चीवर आले, स्वेटर, मफलर, टॉर्च, सगळं घेऊन. पश्चिमेकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पाहा, आज तर दोन आहेत. एक मोठा आन् एक लहान, मोठ्याच्या मागे लहान लागून राहिला."

मोठा म्हणजे शुक्र. लहान म्हणजे शनी. योगायोग असा की आजच दोघं आकाशात सव्वादोन अंशांच्या आत आले आहेत, म्हणजे पाव मुठीपेक्षाही कमी. शुक्र हल्ली इतका झगझगीत आहे की नवीन माणसाला तो तारा वाटतच नाही, आणि क्षितिजाजवळ गेला की हवेच्या थरांमुळे लाल-हिरवा-निळा असा लुकलुकतो, म्हणून "रंग बदलते". काका ऐकेनात. मग असं केलं, पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्याला डोळा लावून एका जागी उभं राहायचं, खाली खडूने पायांची खूण केली, आणि शुक्र कोपऱ्यापासून किती मुठी वर ते सात वाजता मोजलं, आठ वाजता मोजलं. तासाभरात जवळजवळ दीड मूठ खाली. शनी पण तेवढाच खाली. आजूबाजूचे तारे पण तेवढेच. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, सगळं आकाश एकत्र सरकतं, ड्रोनवाला काय पृथ्वीच्या वेगाने रोज संध्याकाळी ड्रोन खाली आणून राहिला का. शिवाय तीन तास चालणारी बॅटरी? लग्नात शूटिंगवाले आणतात तो ड्रोन अर्ध्या तासात खाली येतो.

काकांनी हे मान्य केलं. पण मग म्हणाले, "हे ठीक आहे, पण तिसरा?" कोणता तिसरा? तर म्हणे आत्ता तू चहा आणायला खाली गेला तेव्हा दक्षिणेकडे एक होता, चमकत होता, बंद होत होता, आणि जाता जाता विझला.

मी म्हटलं विमान असेल. विमानतळ इथून जवळच, आणि वरून जाणारी विमानं तर नागपूरवरून किती जातात, देशाच्या मधोमध आहोत. विषय संपवला. वेळ पण लिहिली नाही, साडेआठच्या आसपास असेल. (ही माझी चूक. पुढे पश्चात्ताप झाला म्हणून लाल पेनाने लिहून ठेवतो.)

१९ जानेवारी, रविवार

काकांची माफी मागायची आहे.

रात्री ८ वाजून ९ मिनिटांनी चिंटू म्हणाला, "मामा, पाय ना, तिकडे." दक्षिण-नैर्ऋत्येला, समोरच्या बिल्डिंगच्या वर, एक ठिपका. एकदम चमकतो, मग हळूहळू मंद होतो, इतका की दिसेनासाच होतो, आणि थोडा पुढे जाऊन परत चमकतो. लाल-हिरवा दिवा नाही. विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा असतो, आणि त्याचा पांढरा स्ट्रोब टक टक असा पटकन मारतो, हे तसं नाही, हे आरामात, एखाद्याने आरसा सावकाश फिरवावा तसं. आवाज शून्य. वर वर येत होता आमच्याकडे. आणि चार मुठी वर आल्यावर, ८:११ ला, शेवटचे एक-दोन चमकारे फिके आले आणि मग काहीच नाही. ढग नव्हता. त्या जागचे तारे दिसत होते.

दोघं वेड्यासारखे अर्धा तास तिथेच पाहत बसलो. चिंटू म्हणतो काहून विझला? मला उत्तर येत नव्हतं.

खाली येऊन काकांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की विचारू नका. म्हणाले, बॅटरी संपली त्याची.

२० जानेवारी, सोमवार

ऑफिसातून पळत आलो. साडेसातलाच वर. चंद्र रात्री उशिरा उगवतो सध्या, म्हणजे अंधार बरा आहे, बरा म्हणजे मनीष नगरच्या मानाने. काल आठनंतर दिसला म्हणून आठची तयारी केली होती आणि तो आला ७:५३ ला! परत तिकडूनच, दक्षिण-नैर्ऋत्येकडून. नशीब चिंटू आधीपासून तिकडेच पाहत होता.

कामं वाटून घेतली होती. चिंटू चमकारे मोजणार, मी मुठी. पहिल्या चमकाऱ्याला तो "शून्य" म्हणाला आणि दहाव्याला ८४ सेकंद. म्हणजे ८.४ सेकंदाला एक. सगळे सारखे नव्हते, एक मोठा एक लहान असं वाटलं काही वेळ, पण खात्री नाही. सगळ्यात मोठा चमकारा ध्रुवताऱ्याएवढा.

डोक्यावर यायच्या आधी, शेवटच्या दोन मुठी म्हणजे २० अंश जायला त्याला ४१ सेकंद लागले. दोन वेळा नाही मोजता आलं, एकदाच मोजलंय, दोन-तीन सेकंद इकडे तिकडे धरा. आणि मग बरोबर डोक्यावर, कृत्तिकेच्या पुंजक्याच्या थोडं अलीकडे, ७:५७ ला, परत तेच. एक चमकारा फिका, पुढचा त्याहून फिका, बास. मान इतकी मागे वाकवली होती की मी गच्चीच्या वाळवणाच्या तारेत अडकलो.

काल चार मुठींवर विझला आणि आज डोक्यावर येऊन विझला. काल ८:११, आज ७:५७. वेग तोच, वाट पण तीच. विझायची जागा मात्र वेगळी. हे काय प्रकरण आहे.

त्याच रात्री, पावणेबारा

झोप येत नाही म्हणून हिशोब करून राहिलो.

आधी वेग. ४१ सेकंदात २० अंश, म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा अंश. डोक्यावरून जाणारं प्रवासी विमान १०-११ किलोमीटर वर असतं आणि ताशी ९०० च्या आसपास जातं, ते १० अंश सातेक सेकंदात कापतं. हे १० अंशाला २० सेकंद घेतं. म्हणजे दिसायला विमानापेक्षा हळू! मग एक तर खूप हळू जाणारी जवळची गोष्ट (काकांचा ड्रोन) किंवा खूप जोरात जाणारी फार लांबची. मूठ आणि घड्याळ एवढ्यावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत, इथे मी अडकलो होतो.

पण ती विझते. आणि विझताना पटकन नाही, पंधरा-एक सेकंद घेऊन विझते.

मग डोक्यात लाईट पेटली (माझ्या). तिच्यात दिवा नाहीच आहे. उन्हात आहे ती! आपल्याकडे सूर्य ५:५६ ला मावळला, पण वर, खूप वर, अजून ऊन आहे, जसं संध्याकाळी खाली रस्त्यावर अंधार आणि उंच बिल्डिंगच्या शेवटच्या मजल्यावर ऊन असतं तसं. पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढत जाते आणि ती वस्तू जाता जाता त्या सावलीत शिरते. विझते म्हणजे तिच्यापुरता सूर्यास्त होतो. आणि पृथ्वीवर जसा सूर्य एकदम नाही बुडत, थाळी हळूहळू खाली जाते, तसाच तिथेही, म्हणून शेवटचे दोन चमकारे फिके.

आता याचा फायदा असा की उंची काढता येते आणि त्याला वेग लागत नाही. ७:५७ ला सूर्य क्षितिजाच्या किती खाली होता ते ॲपमध्ये पाहिलं, २८ अंश. दहावीचा काटकोन त्रिकोण: पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर भागिले कोसाइन २८, वजा ६३७१. उत्तर आलं ८४५ किलोमीटर. त्याच्या खाली असलेली कोणतीही वस्तू नागपूरच्या डोक्यावर त्या वेळी अंधारात असणार. म्हणजे आपली वस्तू साधारण तितक्याच उंचीवर.

मग उलटं तपासलं. इतक्या वर फिरणारी गोष्ट सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या जवळपास जाते, हे आपण ठरवत नाही, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण ठरवतं. सेकंदाला अर्ध्या अंशाच्या किंचित कमी वेग दिसला, तर अंतर किती? ८८० किलोमीटर आलं. एक हिशोब मुठीचा, एक सावलीचा, एकमेकांशी काही देणंघेणं नाही, आणि फरक फक्त ३५ किलोमीटर! मूठ आणि मोबाईलच्या घड्याळाने! मी बायकोला उठवून सांगितलं. तिने जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

कालचं पण जमलं. काल चार मुठींवर विझली तेव्हा ती नागपूरवर नव्हतीच, साडेसातशे-आठशे किलोमीटर लांब, कर्नाटकावर होती. आम्ही मनीष नगरातून कर्नाटकाच्या आकाशातली वस्तू पाहत होतो आणि काका म्हणत होते की ती आपल्या सोसायटीतली बंद घरं पाहतेय.

म्हणजे उद्या काय? रोज पंधरा मिनिटं लवकर येते. लवकर आली तर सावली अजून तितकी वर चढलेली नसेल. म्हणजे उद्या ती डोक्यावर विझणार नाही, पुढे जाईल, उत्तर-ईशान्येकडे उतरताना विझेल. माझा अंदाज: डोक्यावर ७:४१, विझणार ७:४३ च्या आसपास, चार मुठी उंचीवर. वहीत लिहिलं, फोटो काढून काकांना पाठवला. आता नाक कापलं तर कापलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज गच्चीवर नऊ जण. चौकीदार पण आला होता, गेट कुणाच्या भरवशावर सोडलं देव जाणे. कुणीतरी तर्री पोहे घेऊन आलं, म्हणजे पूर्ण जत्रा.

७:३७ ला आली. मी काही बोललो नाही, फक्त बोट दाखवलं. डोक्यावर ७:४१ होऊन गेल्यावर काही सेकंदांनी, कालच्यापेक्षा थोडी पूर्वेकडून. कृत्तिका ओलांडून गेली. आज तिथे विझली नाही. काका मोठ्याने म्हणाले, "गेली ना पुढे!" मग ब्रह्महृदय ताऱ्याच्या डावीकडून, त्याच्याही जरा खाली उतरली, आणि ७:४३ वर काही सेकंद होऊन फिकी, फिकी, गायब. चिंटूने मूठ लावली, चार मुठी.

टाळ्या पडल्या हो खरंच. मला उगाच लाजल्यासारखं झालं, कारण यात माझं काय, ती तिच्या वाटेने गेली आणि सावली तिच्या वाटेने. त्या वेळी ती नेपाळच्या सीमेजवळ कुठेतरी उत्तर प्रदेशावर होती.

चिंटूने मोबाईल वीट लावून उभा केला होता, ३० सेकंदांचा फोटो. फोटोत पिवळट आकाश, टाकीचा कोपरा, आणि एक बारीक तिरकी रेघ, तिच्यावर तीन जाड मणी. झूम केल्यावर दिसतं की मणी एकदम सुरू होत नाही, दोन्ही बाजूंनी निमुळता आहे, ज्वारीच्या दाण्यासारखा. दोन मण्यांमधलं अंतर आणि रेघेची लांबी मोजून परत आठ-साडेआठ सेकंदच आले.

२२ जानेवारी, बुधवार

आली. ७:२६ ला डोक्यावर. उत्तरेकडे खाली खाली गेली आणि विझायच्या आधीच धुरकट हवेत आणि बिल्डिंगमागे हरवली. फोटो नाही.

आता नाव. उपग्रहांच्या ॲपमध्ये वेळ आणि दिशा टाकून पाहिलं, आधी मुद्दामच पाहिलं नव्हतं, पेपर फुटल्यासारखं झालं असतं. चारही दिवस एकच नाव जुळतं, एसएल-१६ आर/बी. आर/बी म्हणजे रॉकेट बॉडी, रॉकेटचं वापरून झालेलं धड. एसएल-१६ हा अमेरिकन लोकांचा कोड, रॉकेटचं खरं नाव झेनिट, सोव्हिएत काळातलं, युक्रेनमध्ये बनायचं आणि बायकोनूरवरून उडायचं. त्याचा दुसरा टप्पा उपग्रहाला कक्षेत सोडून स्वतः तिथेच राहिला. ११ मीटर लांब, जवळजवळ ४ मीटर जाड, ९ टनांच्या आसपास वजन, उंची साधारण ८४० किलोमीटर. म्हणजे नागपूरची सिटी बस, 'आपली बस', म्हणा ना, लांबीला तेवढीच, जाडीला जास्त. तिला आता कोणी चालवत नाही. इंधन नाही, रेडिओ नाही. ती कोलांट्या मारत फिरते आणि तिचं पांढरं अंग ठरावीक कोनात आलं की ऊन आपल्याकडे परततं, तो चमकारा.

अशी झेनिटची धडं एक नाही, डझनावर त्याच उंचीवर फिरताहेत, आणि अवकाशातल्या सगळ्यात धोकादायक कचऱ्याच्या यादीत ती वरच्या नंबरावर असतात, कारण दोन आपटली तर तुकडे किती होतील विचार करा. इतक्या उंचीवर हवा नावापुरतीच, म्हणून शेकडो वर्षं खाली येत नाहीत.

अजून एक मजा वाचली. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला तेव्हा जगभर लोक संध्याकाळी बाहेर येऊन तो पाहायचे, पण तो गोळा ५८ सेंटीमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीणच. बहुतेकांनी पाहिलं ते त्याच्यासोबत कक्षेत गेलेलं रॉकेटचं धड. म्हणजे पहिल्या दिवसापासून लोक धडच पाहून राहिले आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार

काकांशी आज जिन्यात बराच वेळ. ते म्हणाले, सगळं पटलं, पण मग पाडव्याला जे पडलं ते?

ते प्रकरण नागपुरात कुणी विसरलेलं नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटलेल्या तुकड्यांची रांग गेली. आम्ही तेव्हा श्रीखंडाच्या वाट्या घेऊन गॅलरीत होतो. ते चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं धड होतं, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाची धातूची रिंग मोकळ्या जागेत पडली, आसपास गोल टाक्या पण सापडल्या.

गंमत म्हणजे आमच्या घरातल्यांना आज विचारलं की ते किती वेळ दिसलं. आई म्हणाली दहा मिनिटं. बायको म्हणाली पाच सेकंद. मी म्हटलं दोन मिनिटं. माझ्या जुन्या मोबाईलमध्ये तेव्हाचा व्हिडिओ आहे, त्यात ते बिल्डिंगच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या बिल्डिंगमागे जाईपर्यंत ३४ सेकंद आहेत, आणि त्याआधीचे मोबाईल शोधण्यात गेलेले धरा. आईची दहा मिनिटं खोटी नाहीत, तिला तेवढीच वाटली असतील. म्हणून मी चिंटूला सांगतो की आठवून लिहू नको, पाहता पाहता लिही.

काकांना फरक सांगितला. ते धड फार लांबट कक्षेत होतं, एक टोक पृथ्वीच्या अगदी जवळ, तिथे प्रत्येक फेरीला हवा घासायची, म्हणून चौदा महिन्यांत खाली आलं. पेटलं ते जोरात येताना समोरची हवा दाबली जाऊन तापते त्याने, ऊन पडून नाही. आणि उल्का नव्हती हे ओळखायचं कसं, तर उल्का सेकंदाला ११ किलोमीटरपासून ७२ पर्यंत वेगाने येते, एक-दोन सेकंदांत खेळ खलास. हे सात-आठच्या वेगाने, आडवं, तुटत तुटत, एकामागे एक गाड्या लागल्यासारखं जातं. आपली लुकलुकणारी वेगळी, ती पेटलेली नाही, पडत नाही.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे चोर नाही." मी म्हटलं नाही. "मग कुलूप तरी चांगलं लावलं म्हणा सगळ्यांनी चार दिवस."

२६ जानेवारी, रविवार

परवा ६:५५ ला कशीबशी एक-दोन चमकारे दिसली, काल नाही, आज नाही. रोज लवकर येते, आता येते तेव्हा आपलंच आकाश उजेडात असतं. ॲप म्हणतं आता मार्चच्या मध्यात संध्याकाळी दिसेल, तेव्हा उलट, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना.

चिंटूच्या प्रकल्पाचं झालं असं की शाळेत म्हणे विषय आधीच मंजूर झाला होता, सांडपाण्याचाच द्यावा लागला. रात्री अकरापर्यंत मी गाळणीचं मॉडेल चिकटवलं. चीड आली पण काय करता.

१ फेब्रुवारी, शनिवार

शुक्राशेजारी चंद्रकोर. सोसायटीत सात जणांनी फोन केला. एकालाही ड्रोन म्हणायचं नव्हतं, फोटो कसा काढायचा ते विचारायचं होतं.

चिंटूच्या डोक्यात आता पेंच आहे. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला गेल्या वर्षी जानेवारीत डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, देशातला पहिला, आणि आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. त्याचं म्हणणं तिथून मंद चमकारे पण दिसतील, मग "एक मोठा एक लहान" खरं की भास ते कळेल. परीक्षेनंतर पाहू म्हटलंय.

१६ मार्च, रविवार

होळीचा धूर अजून हवेत आहे असं वाटतं, की नुसती धूळ असेल. आकाश मातकट. शुक्र पश्चिमेला पार खाली गेलाय, बिल्डिंगमागे. मी आज विसरूनच गेलो होतो, काकांनीच फोन केला, वर ये लवकर.

वर गेलो तर काका खडूच्या खुणेवर उभे, हात सरळ ताणून मूठ धरलेली, दुसऱ्या हातात मोबाईल, त्याला लाल जिलेटीन पेपर. आकाशकंदील कुठून फाडला विचारलं नाही. ती उत्तरेकडून आली, पश्चिमेच्या अंगाने, पाच मुठींवरून. काका तोंडातल्या तोंडात मोजत होते. मी मधे काही बोलायला गेलो तर हातानेच थांब म्हणाले.

दक्षिणेकडे उतरता उतरता फिकी झाली आणि गेली.

"नऊ पुरे, दोन फिके," काका म्हणाले. "लिही."